फटफटीची विचारपूस

नवरात्र बसलं की आमच्या घरात रॉकेलचा वास सुटतो. वर्षभर काळवंडलेला स्टोव्ह बायको मागच्या पायरीवर उन्हात घेऊन बसते आणि त्याचा भाग न् भाग सुटा करून रॉकेलच्या फडक्याने पुसत राहते. डोंबिवलीला आमच्या दारासमोर अजून भाताची खाचरं आहेत. या दिवसांत ती पिवळी पडायला लागतात. पिकत्या भाताच्या वासात हा रॉकेलचा वास मिसळला की माझं सहामाहीचे पेपर तपासणं आपोआप थांबतं. नाक मला न विचारता ठाण्याला जाऊन पोचतं. ठाण्यातही कुठे, तर रुळांपलीकडे, कोपरीला, आमच्या जुन्या चाळीच्या अंगणात. तिथे एक हिरवी फटफटी अर्धी उघडून ठेवलेली आहे आणि माझा थोरला भाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसला आहे.

"काय हो, एकटेच हसताय कशाला?" बायको विचारते.

"काही नाही. स्टोव्हची पिन कुठे ठेवलीस ते बघत होतो."

"पिन माझ्या पदराला आहे. तुम्ही पोरांना मार्क द्या."

लोकांना पाऊस आवडतो. त्यावर पुष्कळ लिहिलेलंही आहे. मला पाऊस संपलेला आवडतो. भिंतीची ओल मागे सरकते, ट्रंकेतले कपडे दोरीवर येतात, पापडांचे डबे उन्हात उघडे पडतात, आणि चार महिने अंग चोरून बसलेलं सगळं जग एकदाचं पाय पसरतं. आश्विन हा माझ्या लेखी सुटकेचा महिना. कोपरीच्या पूर्वेला तेव्हा मिठागरं होती. या दिवसांत आगरी बाया-माणसं कोंड्यांतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतलं, पावसाचं पाणी बाहेर काढून चिखल तुडवायला लागत. त्यांच्या पायांचा चपक-चपक आवाज सकाळी अंगणापर्यंत ऐकू यायचा. खाडीचा खारट वास, तुडवलेल्या चिखलाचा वास आणि आमच्या अंगणातलं रॉकेल. या वासाला मराठीत शब्द नाही. मी बी.ए. असूनही मला सापडलेला नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., हे कुठेतरी सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. आणि का राहावं? आजोबांनी कोकणात लोकांचे नारळ उतरवले. वडील, म्हणजे अण्णा, कल्याण यार्डात शंटिंगच्या इंजिनावर कोळसा मारता मारता ड्रायव्हर झाले. थोरला भाऊ, वसंता, मराठी सातवीनंतर शाळेला रामराम ठोकून युद्धाच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत मोटारींखाली झोपून काम शिकला. आम्ही त्याला नुसतं भाऊच म्हणायचो. आणि मी, दिनकर, कॉलेजात गेलो. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच वर्षी जूनमध्ये मी पास झालो होतो. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गोरे गेले, त्यांची छावणी मोडली, आणि छावणीतलं सामान लिलावात निघालं. तंबू निघाले, घमेली निघाली, बूट निघाले, आणि एका ओळीत उभ्या केलेल्या फटफट्या निघाल्या. त्यातली एक भाऊने घेतली.

पाचशे सीसीची होती. फार मोठी नाही, अगदी लहान नाही, लांबच्या मजलेला बरी. तिच्या बगलेला एक डबा जोडलेला होता. त्याला साइडकार म्हणतात हे मी घरात सांगितलं, पण आईने त्याला "पाळणा" हे नाव दिलं ते दिलंच. त्या पाळण्यात हत्यारं भरून भाऊ भिवंडी, पडघा, शहापूर असा गावोगाव फिरायचा. शेतकऱ्यांची ऑईल इंजिनं नुकती कुठे यायला लागली होती, आणि ती सारखी आजारी पडायची. भाऊ त्यांचा वैद्य.

मिठागरावर जाणारी एक म्हातारी पहिल्या दिवशी आमच्या कुंपणाशी थबकली आणि म्हणाली, "काय रं पोरा, कवरा आवाज ह्यो! म्हशीला झालं काय?" त्यानंतर चाळीत कितीतरी दिवस फटफटीला म्हैस म्हणत.

अण्णा मात्र तिला काहीच म्हणत नसत. नावही घेत नसत. बोलायची वेळ आली तर "ते बाहेरचं" म्हणत. एकदाच, जेवताना, भाऊ समोर असताना मला म्हणाले, "दिन्या, तुझ्या त्या भावाला सांग. रुळावरची गाडी चुकून चुकून जाईल कुठे? फार तर उशिरा येईल. ह्याच्या गाडीला रूळच नाहीत. ती कुठेही जाऊ शकते."

"म्हणून तर घेतली," भाऊ म्हणाला.

आईने दोघांनाही एकदमच ताक वाढलं.

अण्णांचं म्हणणं मला तेव्हाही पूर्ण चुकीचं वाटलं नव्हतं. ज्या माणसाने बापाचं नारळ उतरवणं सोडून रुळावर पाय ठेवला आणि त्याच रुळांनी पुढे मुलाला कॉलेजात नेऊन सोडलं, त्याला रुळांबाहेरचं जग म्हणजे दरी वाटणारच. भाऊने आपल्याबरोबर यार्डात लागावं, निदान खलाशी, म्हणजे यार्डातला हरकाम्या, म्हणून तरी, एवढंच त्यांचं मागणं होतं. भाऊला ते नको होतं. त्याला सकाळी उठून आज कुठल्या रस्त्याला लागायचं ते स्वतः ठरवायचं होतं. दोघांचं यावर भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. घरात ते दबलेल्या वाफेसारखं असायचं, आणि झडपेवर हात ठेवून आई बसलेली.

पावसाळा संपला की भाऊ फटफटी उघडायचा. ती बिघडलेली नसायची. चाळीतल्या लोकांना हेच कळत नसे. "चालतेय ना? मग कशाला पोट फाडतोस तिचं?" असं येणारा-जाणारा विचारी. भाऊ म्हणे, "बिघडल्यावर करतात ती दुरुस्ती. ही विचारपूस आहे." हा शब्द मला फार आवडला. अजूनही आवडतो. घरात आपण कुणाची विचारपूस करतो? जो पडून आहे त्याची. जो चालता-बोलता आहे, जो रोज आपल्याला ओढून नेतो आहे, त्याच्यासमोर मांडी घालून बसून "काय रे बाबा, बरं आहे ना?" असं वर्षातून एकदा तरी कोण विचारतं?

आमची विचारपूस करण्याची एक पद्धत होती. लिलावात गाडीबरोबर एक लष्करी पुस्तक आलं होतं, इंग्रजी. मी पायरीवर बसून वाचायचो, भाऊ अंगणात बसून करायचा. एक वाक्य मी इंग्रजीत मोठ्याने वाचणार, मग मराठीत सांगणार, मग भाऊ ते आपल्या भाषेत पुन्हा म्हणणार, आणि मगच पान्याला हात. मराठी संपायच्या आत हात लावायचा नाही, हा कायदा आईने केलेला. कारण पहिल्या वर्षी "तळाचा बोल्ट काढावा" एवढं मी सांगितल्याबरोबर भाऊने तो काढला, आणि "परंतु त्याआधी खाली भांडं ठेवावं" हे मी सांगेपर्यंत सगळं काळं तेल आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांकडे निघालं होतं. त्या दिवशी आईने आम्हा दोघांना जे म्हटलं ते कुठल्याच पुस्तकात नाही.

कॉलेजातलं इंग्रजी आणि त्या पुस्तकातलं इंग्रजी यांची सोयरीक नव्हती. कॉलेजात आम्ही इंग्रजीतून फुलं, विरह आणि मरण एवढं शिकलो होतो. इथे टॅपेट, प्लंजर, गजन पिन. पण मी अडलो नाही. आकृत्या बघायचो, भाऊला विचारायचो, "या भागाचं काम काय?" तो सांगायचा, मग मी वाक्य लावायचो. कुठे तो माझ्या पुढे, कुठे मी त्याच्या. सिलिंडरच्या डोक्यावरची काजळी भाऊ बांबूच्या चपट्या काडीने खरवडायचा, लोखंडाने ओरखडा पडतो म्हणून. चेन रॉकेलच्या डब्यात रात्रभर भिजायची. सकाळी ती बाहेर काढली की साप कात टाकून यावा तशी चकचकीत. प्लग पुसायचा, त्याच्या टोकांमधली फट पातळ पात्याने मोजायची. व्हॉल्वच्या दांड्यांमध्ये किती अंतर ठेवायचं तो आकडा मी वाचायचो. एक इंचाचे हजार भाग करून त्यातले इतके. भाऊ मान वर न करता म्हणायचा, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायचो. "नक्की?" "अरे नक्की!" "बी.ए.ची शपथ?" "बी.ए.ची शपथ."

त्या पायरीवर मला पहिल्यांदा वाटलं की मी शिकलो ते आमच्या घरात कुणाच्यातरी हाताला उपयोगी पडतंय. पदवीच्या कागदाला हळद-कुंकू लावून झालं होतं, पेढे वाटून झाले होते, पण नोकरीचा पत्ता नव्हता. फटफटीच्या डोक्याचे बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे हे मी सांगितलं आणि ते तसेच आवळले गेले, तेव्हा मी खरा पदवीधर झालो.

त्या वर्षी अष्टमीला अण्णा ड्यूटीवरून आले ते अंगणात उभेच राहिले. फटफटी अर्धी जोडून झाली होती. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट तिच्याबद्दल बोलले.

"वसंता, दसऱ्याला शहापूरला आक्काकडे सोनं द्यायला जायचंय."

"जाऊ या की अण्णा. आसनगावपर्यंत गाडीने, मग..."

"गाडीने नाही. ह्याच्यावर."

भाऊच्या हातातलं फडकं थांबलं.

"तुझ्या ह्या डब्यात मी बसतो. जाताना वाटेत एकदाही बंद पडता कामा नये. पडली, तर भिवंडीचा तो लाकडाचा व्यापारी मागतोच आहे, त्याला देऊन टाकायची. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू माझ्याबरोबर कल्याणला यायचंस. मी साहेबाशी बोलून ठेवलंय."

"अहो, सणाच्या तोंडावर काय हे," आई दारातून म्हणाली. "आणि नाही पडली बंद, तर?"

अण्णांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नसावा. "तर राहू दे," ते म्हणाले. "मग मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"चालेल," भाऊ म्हणाला. एवढंच. मग माझ्याकडे वळून, "दिन्या, पुस्तकातलं टाकीचं पान काढ."

नवमीला सकाळीच भाऊने पेट्रोलची टाकी धुऊन आतली गंजाची पूड काढली आणि ती उन्हात वाळत ठेवली. कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या तोटीच्या, तोंडावरची बारीक जाळी पार सडली होती, ती काढून टाकली. नवी आणायची तर दुकानं बंद. भाऊ म्हणाला, टाकी आरशासारखी झालीय, दसऱ्यानंतर बसवू. टाकी गाडीवर चढवली, हात धुतले, आणि खंडेनवमीची पूजा मांडली.

आमच्याकडे ही पूजा जोरात. अण्णांचा हातोडा आणि कंदील, आईची विळी आणि पाटा, भाऊचे सगळे पाने घासून-पुसून ओळीत, माझी पुस्तकं, आणि तेही लष्करी पुस्तक. टाकीचं पितळी झाकण भाऊने इतकं चकचकीत केलं होतं की आईने तेही उचलून ताम्हनाशेजारी मांडलं. नवमीला पूजेत बसलेल्या वस्तूला दसऱ्याला अक्षता पडेपर्यंत हात लावायचा नाही. हत्यारांना विश्रांती, पुस्तकांना विश्रांती. लहानपणी अभ्यासातून सुटका म्हणून मला हा दिवस आवडायचा. त्या वर्षी मात्र तो दिवस संपता संपेना. भाऊ अंगणात फटफटीभोवती नुसता फेऱ्या मारत होता, हात पाठीमागे बांधून. काही आठवलं तरी करता येत नव्हतं.

घरातली पूजा झाल्यावर अण्णा ताट घेऊन अंगणात गेले. आम्ही आत नैवेद्याच्या पानांच्या गडबडीत होतो. फटफटीला झेंडूची माळ घालून ते परत आले, तेव्हा आई मला कोपराने ढोसून हळूच म्हणाली, "बघ, पूजा केली हो त्यांनी. मनातून आहे त्यांना." मलाही बरं वाटलं. ज्याच्या विरुद्ध पैज लावली त्याचीच पूजा करून आलेला माणूस. हे फक्त अण्णांना जमे.

दसऱ्याचं ऊन कसं असतं ते मी काय सांगू? कोवळंही नाही, कडकही नाही, नुकतं कल्हई केलेल्या भांड्यासारखं. भाऊने झाकण पूजेतून उचललं, नरसाळ्याने पेट्रोल भरलं, झाकण लावलं. टेंभी नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आला. आवाज असा की मिठागरावरची म्हातारी असती तर म्हणाली असती, म्हैस बरी झाली. अण्णा धुतलेलं धोतर, काळा कोट आणि जरीकाठी उपरणं घालून पाळण्यात बसले. मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी, पायाशी आईने दिलेला पाण्याचा तांब्या. पाठ ताठ. इंजिनाच्या फुटप्लेटवर उभं राहणारा माणूस जमिनीपासून वीतभर उंचीवर बसला होता, आणि सगळी चाळ बघत होती. मी भाऊच्या मागे.

माजिवडा गेलं, बाळकूम गेलं, खाडीचा पूल गेला. भिवंडी मागे पडली आणि आग्रा रोड मोकळा झाला. दोन्ही बाजूंना भात, मध्ये आम्ही. गाडी अशी चालली होती की मला वाटलं पुस्तकातल्या वाक्यांनाच चाकं लागलीत. मी वाकून अण्णांकडे बघत होतो. ते समोर बघत होते. मधूनच त्यांचा उजवा हात वर जाऊन हवेत काहीतरी शोधायचा आणि परत मांडीवर यायचा. पुढे कुणीतरी मला सांगितलं, शिट्टीची साखळी तिथे असते.

पडघा सोडलं, चढ लागला, आणि फटफटी खोकली.

एकदा. मग पुन्हा. मग घशात घास अडकल्यासारखा आवाज करून, आपल्याच वेगाने थोडी घरंगळून, एका आंब्याखाली येऊन ती गप्प झाली. गाडी थांबल्यावर जे ऐकू येतं ते फार वाईट असतं. भाताच्या शेतातून एक टिटवी ओरडत गेली.

अण्णा पाळण्यातून उतरले, उपरणं झटकलं आणि आंब्याच्या सावलीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

भाऊने किक मारली. चालू झाली! दहा-पंधरा हात गेली आणि पुन्हा बंद. खोटं कशाला सांगू, मला भाऊच्या नोकरीआधी माझा आकडा आठवला. इंचाचे हजार भाग. मी बरोबर वाचला होता ना? की दुसऱ्याच गाडीचा वाचला? त्या पुस्तकात दोन-तीन गाड्यांचे तक्ते होते. माझ्या एका चुकीच्या वाचनाने भाऊ जन्मभर खलाशी होणार होता.

"भाऊ, तो फटीचा आकडा..."

"थांब जरा."

"नाही, मी म्हणतो, माझंच काही..."

"दिन्या, वाक्य संपू दे की तिचं!" भाऊ म्हणाला आणि खाली बसला.

त्याने प्लग काढून ठिणगी बघितली. निळी, टणटणीत. कार्ब्युरेटरचं पोट उघडलं. कोरडं. म्हणजे पेट्रोल वरून खाली येत नव्हतं. नळी सोडवली. थेंब, थेंब, मग काहीच नाही. टाकीत मात्र हलवलं की डचमळतंय. भाऊने हळद-कुंकू लागलेला पाना पाळण्यातून काढला आणि म्हणाला, "कॉक सोडवावा लागेल. खाली धरायला काहीतरी दे."

तांब्या पुढे आला. धरणारा हात अण्णांचा होता. ते कधी मागे येऊन उभे राहिले कळलंच नव्हतं. पाणी त्यांनी आंब्याच्या बुंध्याला ओतलं होतं. काळ्या कोटातले अण्णा रस्त्यात उकिडवे बसले आणि टाकीखाली दोन्ही हातांनी तांब्या धरून राहिले. पैज त्यांनी जिंकलेलीच होती. तरी धरून राहिले.

कॉक सुटला. पेट्रोलची धार तांब्यात पडली, आणि धारेबरोबर काहीतरी पांढरट-लाल टपकलं. मग अजून एक. मग दोन-तीन एकदम. भाऊने टाकीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला, मग कॉकच्या भोकात काडी घातली, तिथून शेवटचा निघाला. त्याने तो तळहातावर घेऊन उन्हात धरला.

तांदूळ. अख्खे, न मोडलेले, कुंकू लावलेले तांदूळ.

भाऊ त्या दाण्याकडे बघत होता, मी भाऊकडे, आणि अण्णा तांब्यात.

"ह्या माझ्या," अण्णा म्हणाले.

"काय?"

"अक्षता. काल मी वाहिल्या. आम्ही नवमीला इंजिनाची पूजा करतो तेव्हा भट्टीचं दार उघडून आत वाहतो. नारळाचं खोबरं, फूल, अक्षता. इंजिनाच्या मुखात."

"अण्णा," भाऊ सावकाश म्हणाला, "हिला भट्टी नसते."

"ते मला काय ठाऊक? झाकण तुम्ही पूजेत मांडलेलं. ही बया देवापुढे तोंड उघडं टाकून बसलेली. मला वाटलं उपाशी आहे."

आधी मी हसलो. मला आवरेचना. माझा आकडा बरोबर होता! माझं इंग्रजी बरोबर होतं! त्या पुस्तकात थंडी, चिखल, वाळवंट, शत्रूचा गोळीबार या सगळ्यांवर उपाय होते, पण अक्षतांचं कलम नव्हतं, त्याला मी काय करणार? मग भाऊ हसला, हात टेकून, रस्त्यात बसूनच. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ते पाच-सात दाणे तांब्यातून नि भाऊच्या तळहातावरून उचलले, उपरण्याच्या टोकाला पुसले आणि त्याच टोकात गाठ मारून बांधले. देवाचे होते, रस्त्यात कसे टाकणार?

भाऊने कॉक बसवला. तांब्यातलं पेट्रोल आईने बरोबर दिलेल्या रुमालातून गाळून परत टाकीत ओतलं. गाडी पहिल्या किकला बोलायला लागली. तेव्हा मला राहवलं नाही. नुकता पास झालेला माणूस, वाद घालायची खुमखुमी भारी. म्हटलं, "अण्णा, तुमच्या अटीप्रमाणे हे बंद पडणं धरायचं की नाही? कारण बिघाड गाडीचा नव्हता, तर..."

"गप रे बी.ए.," अण्णा म्हणाले आणि पाळण्यात बसले.

पुढचा रस्ता भाऊ नजर समोर रोखून चालवत राहिला. गाडी मजेत पळत होती आणि मला तिची कीव येत होती. बिचारी, तिला ठाऊक नाही, असं वाटत होतं. शब्दाला जागणाऱ्या बापाचा हाच एक त्रास. त्याने बोललेलं तो स्वतःही मोडू शकत नाही. यार्डात अण्णांच्या शब्दावर डबे हलायचे. घरात त्यांनी "नाही" म्हटलेलं कधी "हो" झालेलं मी पाहिलं नव्हतं. आणि जो माणूस आपल्याच अक्षतांनी आपली पैज जिंकला, तो ती आता सोडणार कशी, नि कुठल्या तोंडाने धरणार?

शहापूरला आक्काआत्या ओट्यावरच उभी होती. अण्णांची थोरली बहीण, नवऱ्यामागे एकटीने चार एकर कसणारी. ती अण्णांना नावाने हाक मारणारी जगातली शेवटची व्यक्ती.

"अगं बाई, गंगाराम! ह्या टोपलीत बसून आलास? कोंबडं बाजाराला न्यावं तसा?" ती हसून हसून डोळे पुसत म्हणाली. मग भाऊच्या पाठीवरून हात फिरवत, "काय रे वसंता, वाटेत बंद-बिंद नाही ना पडली? आमच्या ह्या चढावर बघावं तेव्हा एखादी मोटार तोंड वर करून उभी असते."

भाऊ गाडी लावत होता. त्याचा हात हँडलवर तसाच राहिला. मी आपट्याची पिशवी धरून उभा. उत्तर द्यायचं ते अण्णांनी. अण्णा पायांवर पाणी घेत होते. एक पाय धुतला, दुसरा धुतला. तांब्याला पेट्रोलचा वास येत असणार, पण त्यांनी तोच घेतला होता.

"बंद कशाला पडतेय?" ते म्हणाले. "सिग्नल पडला नव्हता. थांबलो. पडला, निघालो."

"सिग्नल? रस्त्यावर?"

"असतो, असतो," अण्णा म्हणाले. "ड्रायव्हरला दिसतो." आणि आत देवघराकडे गेले.

आत्या आमच्याकडे बघायला लागली. भाऊने तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते बराच वेळ वर काढलं नाही. मला वाटलं तो हसतोय. नंतर कळलं, हसत नव्हता. आत्या म्हणाली, "ऊठ रे, सोनं दे आधी." मी पिशवीतली पानं तिच्या हातात ठेवली आणि एकदम लक्षात आलं, अष्टमीपासून मी नीट श्वासच घेतला नव्हता. सुटका झाल्यावर माणसाला उड्या माराव्याशा वाटतात असं म्हणतात. मला तर तिथेच ओट्यावर आडवं होऊन झोपावंसं वाटलं. पुरणपोळी मात्र मी भाऊपेक्षा जास्त खाल्ली.

ती फटफटी पुढे पुष्कळ वर्षं भाऊजवळ राहिली. आता तो तीनचार माणसं हाताशी घेऊन काम करतो आणि मला शाळामास्तर म्हणून चिडवतो. अण्णांनी आपलं बोलणं खरं केलं. तिच्याविरुद्ध पुन्हा तोंड उघडलं नाही, बाजूनेही नाही. पण त्या दिवसाची माझ्याजवळची खरी ठेव शहापूरची नाही, परतीच्या वाटेची आहे.

उन्हं कलली होती. पडघ्याच्या उतारावर गाडी आपोआप धावत होती, इंजिन संथ ठोके देत होतं. भातावरून गार वारा येत होता. भाऊने मान किंचित मागे वळवून विचारलं, "दिन्या, अण्णा बघ रे. इतके गप्प का झालेत? घाबरले की काय?"

मी वाकून बघितलं. सकाळी पाठ ताठ करून बसलेले अण्णा पाळण्यात पार खाली घसरले होते. पाय पुढे पसरलेले, टोपी मांडीवर पडलेली, हात सैल. खड्ड्यात गाडी आदळली की डोकं इंजिनाच्या बाजूला कलायचं आणि तिथेच राहायचं. गेली तीस वर्षं कुठल्याही चालत्या गाडीत डोळा न लावलेला तो माणूस, ज्या गाडीला रूळ नव्हते तिच्यात, भाऊच्या हाती सगळं सोपवून घोरत होता.

"झोपलेत," मी भाऊच्या कानात ओरडलो.

भाऊने एकदा स्वतः वळून बघितलं. मग त्याने वेगाची मूठ हलकेच ढिली केली, गाडी रस्त्याच्या मऊ कडेला घेतली, आणि ठाण्यापर्यंत एकही हॉर्न वाजवला नाही.